चकली कितीला पडते?

"चकली कितीने दिली?" हा प्रश्न नवरात्र संपलं की आमच्या वहिनींच्या फोनवर दिवसातून दहादा येतो. "चकली कितीला पडते?" हे मात्र त्यांना आजवर कुणी विचारलं नव्हतं, आणि त्यांनीही स्वतःला विचारलं नव्हतं. डोंबिवलीतल्या दोन खोल्यांच्या घरातून त्या गेली नऊ वर्षं फराळ करून विकतात. हाताला चव आहे, गिऱ्हाईक बांधलेलं आहे. भाव ठरवण्याची रीत मात्र एकच: पलीकडच्या गल्लीतल्या दुकानात काय लावलाय ते पाहायचं आणि त्याहून वीस रुपये कमी सांगायचे.

यंदा मी आठ दिवस त्यांच्याकडे मुक्कामाला गेलो. सोबत पाच किलोपर्यंतचा इलेक्ट्रॉनिक काटा होता, आणि लॅपटॉपवर पाककृती सांभाळणारं एक सॉफ्टवेअर. या जातीची सॉफ्टवेअरं आता बरीच झाली आहेत. हॉटेलांच्या बिलिंग यंत्रणेला ती जोडूनच येतात. २०११ साली अहमदाबादेत सुरू झालेल्या 'पेटपूजा'त किराणा साठ्याबरोबर पाककृतीचाही हिशेब ठेवता येतो. घरगुती वापरासाठी 'ग्रोसी'सारखी फुकट आणि खुली सॉफ्टवेअरं आहेत. सगळ्यांचं काम मुळात एकच. जिन्नस, त्याचं वजन आणि विकत घेतलेला भाव भरायचा. पदार्थ कितीला पडला ते सॉफ्टवेअर सांगतं.

गुणाकार-भागाकार तर वहीतही होतो, मग यंत्र कशाला? याचं उत्तर १९७९ सालात आहे. डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांचा 'व्हिजिकॅल्क' हा घरगुती संगणकावरचा पहिला आकडेमोडीचा तक्ता त्या वर्षी आला. ब्रिकलिन तेव्हा हार्वर्डला व्यवस्थापन शिकत होता. फळ्यावरच्या कोष्टकातला एक आकडा बदलला की खालचे सगळे पुसून पुन्हा मांडावे लागतात, हा त्रास पाहून त्याला ही कल्पना सुचली. त्याच्या दहा वर्षं आधी, १९६९मध्ये, हनीवेल कंपनीचा 'किचन कॉम्प्युटर' नीमन मार्कस या अमेरिकी दुकानाच्या कॅटलॉगमध्ये १०,६०० डॉलरला झळकला होता. तो पाककृती साठवणार होता. पण तो वापरायचा तर खटके वरखाली करण्याची भाषा शिकून घ्यावी लागणार होती. स्वयंपाकघराला पाककृती आठवून देणारं यंत्र नकोच होतं. तुरीचा भाव आज बदलला तर आमटी, सांबार आणि वरण तिन्ही कितीला पडतील हे सांगणारं हवं होतं.

आमच्याकडे हे गोड्या मसाल्याने सर्वांत चांगलं दाखवलं. तो आमटीत पडतो, उसळीत पडतो, भरल्या वांग्यात पडतो. सॉफ्टवेअरमध्ये मसाल्याची पाककृती एकदाच मांडायची आणि ती या तिन्हींच्या पोटात ठेवायची. मग सुक्या खोबऱ्याचा भाव एका जागी बदलला की तिन्ही पदार्थांचे आकडे आपोआप हलतात.

पण त्याआधी वजन करावं लागतं, आणि आपलं सगळं घोडं तिथेच अडतं. मराठी स्वयंपाक मापाचा आहे, वजनाचा नाही. १९७० साली आलेल्या कमलाबाई ओगल्यांच्या 'रुचिरा'ने दोन-तीन पिढ्यांना हाताला धरून शिकवलं ते वाटी-चमच्याच्या प्रमाणाने, आणि शिकवायला तेच योग्य होतं. नव्या नवरीच्या घरी काटा नसेल, वाटी असतेच. वाणी मात्र वाटीने देत नाही. वहिनींची वाटी आम्ही काट्यावर ठेवली. तिच्यात रवा १०० ग्रॅम मावला, बेसन ७५, साखर १३० आणि पातळ पोहे अवघे १५. म्हणजे 'एक वाटी' या एकाच शब्दाचे आम्हाला चार जिन्नसांसाठी चार अर्थ भरावे लागले. नारळ नगावर मिळतो, करंजीत पडतो तो चव. एकाच पाटीतल्या तीन नारळांचा चव निघाला २१०, २६० आणि १८५ ग्रॅम. मेथी जुडीने मिळते, आणि सोमवारची जुडी शुक्रवारच्या जुडीएवढी असेलच असं नाही. तेलाची पिशवी एक लिटरची, पण तिच्यावरच कंसात ९१० ग्रॅम लिहिलेलं असतं. लिटर म्हणजे किलो असं धरणाऱ्याचा हिशेब पहिल्याच कढईत चुकतो.

इंग्रजी सॉफ्टवेअरमध्ये यासाठी एक रकाना असतो. विकत घेतलेल्या मालातून प्रत्यक्ष वापरायला किती उरतं ते त्यात भरायचं. तो भरताना वहिनी म्हणाल्या, "म्हणजे उतारा ना?" त्या साखर कारखान्याच्या पट्ट्यात वाढलेल्या. उसाला उतारा असतो, चक्क्याला असतो, तसाच भजणीलाही. इतका नेमका शब्द आपल्याकडे पडून होता, आणि मी तीन दिवस त्याला 'वापरण्यायोग्य टक्केवारी' म्हणत होतो.

चकलीची गोष्ट जवळून सांगतो, कारण सगळं त्यातच आहे.

भजणीला तांदूळ एक किलो, हरभरा डाळ ५०० ग्रॅम, उडीद डाळ २५०, मूग डाळ २५०, धने ५०, जिरे २५. एकूण २,०७५ ग्रॅम. आमच्या वाण्याच्या त्या दिवशीच्या भावाने हे सगळं १८३ रुपये ५० पैशांना आलं, म्हणजे किलोला साधारण ८८ रुपये. वहिनींच्या मनात भजणीचा भाव हाच होता. धुऊन, सावलीत वाळवून, मंद आचेवर भाजून गिरणीतून पीठ परत आलं तेव्हा डबा काट्यावर ठेवला: १,९४० ग्रॅम. भाजताना ओलावा उडाला, थोडं गिरणीच्या जात्यात राहिलं. दळणाचे तीस रुपये धरल्यावर किलोभर भजणी पडली ११० रुपयांना. चकलीचा सोऱ्या अजून फडताळातून खाली उतरलेलाही नव्हता, आणि बावीस रुपयांची तूट सापडली होती.

आता तळण. किलोभर भजणी, तेलाचं मोहन १०० ग्रॅम, वर तीळ, ओवा, तिखट, हळद, हिंग, मीठ. कढईत तेल ओतलं १,५०० ग्रॅम. तळण संपल्यावर गार झालेलं तेल पुन्हा मोजलं, १,१६० भरलं. ३४० ग्रॅम तेल चकल्यांनी आणि खालच्या कागदाने घेतलं होतं. मोहन धरून ४४० ग्रॅम. वहिनी आजवर "एका किलोला लिटरभर तेल लागतं" असं धरत होत्या, म्हणजे इथे चूक उलट्या बाजूला होती. उरलेलं तेल पुन्हा वापरायचं तर त्यालाही मर्यादा आहे. तळून तळून तेलात जे ध्रुवीय घटक वाढतात, त्यांचं प्रमाण २५ टक्क्यांच्या वर गेलं की ते तेल वापरू नये, असा देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम जुलै २०१८पासून लागू आहे. घरी ते मोजायचं साधन नसतं. वहिनी दुसऱ्या घाण्यानंतर तेल बदलतात, आणि मला ते पटतं.

चकल्या भरल्या १,४३० ग्रॅम. भजणी ११० रुपये, तेल साडेबहात्तर, बाकी मसाला २५. गॅससाठी सिलिंडर तळणाआधी आणि नंतर आडव्या दांडीच्या काट्यावर टांगला. १८० ग्रॅम गेला. घरचा १४.२ किलोचा सिलिंडर धंद्याला वापरायचा नसतो, म्हणून १९ किलोच्या व्यावसायिक सिलिंडरच्या भावाने १५ रुपये लावले. पिशव्या आणि लेबलं ३० रुपये. एकूण २५२ रुपये ५० पैसे. किलोला साधारण १७७. वहिनी विकतात ३८० रुपये किलोने. पडद्यावर किलोमागे दोनशे तीन रुपयांचा नफा दिसला आणि घरात सगळ्यांना बरं वाटलं.

तेलाच्या भाववाढीचा खरा चटका किती असतो, हेही याच तक्त्याने सांगितलं. १४ सप्टेंबर २०२४ला केंद्राने कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ आयात शुल्क शून्यावरून २० टक्के केलं, रिफाइंड तेलावरचं साडेबारावरून साडेबत्तीस. दिवाळी दीड महिन्यावर होती. फराळवाल्यांची तारांबळ उडाली. कुणी सरसकट चाळीस-पन्नास रुपये वाढवले, कुणी गिऱ्हाईक तुटेल म्हणून सगळा भार अंगावर घेतला. आमच्या तक्त्यात तेल लिटरमागे वीस रुपयांनी वाढवून पाहिलं तर चकली किलोला सातच्या आत वाढली. चाळीस रुपये वाढवणं गिऱ्हाइकावर अन्याय होता. सात रुपये गिळणं स्वतःवर. पुढे ३० मे २०२५ला कच्च्या तेलाचं शुल्क १० टक्क्यांवर आलं. तो बदल तक्त्यात उलट दिशेनेही तसाच भरता येतो.

इथपर्यंत सॉफ्टवेअरने आपलं काम चोख केलं होतं. पण त्या पानावर खाली एक रकाना रिकामा होता: मजुरी.

ही सॉफ्टवेअरं हॉटेलांसाठी घडली. हॉटेलात 'फूड कॉस्ट' म्हणजे नुसत्या साहित्याचा खर्च. विक्रीच्या किमतीत त्याचा वाटा २८ ते ३५ टक्क्यांच्या आसपास राहावा, असा त्या धंद्यातला सर्वसाधारण दंडक. आचाऱ्याचा पगार वेगळ्या वहीत असतो, म्हणून पाककृतीच्या पानावर मजुरी रिकामी राहिली तरी बिघडत नाही. घरच्या धंद्यात मात्र ती दुसरी वहीच नसते. इथे मजुरी रिकामी राहिली की ती कुठेच येत नाही.

आम्ही घड्याळ लावलं. भजणीचं धुणं, भाजणं, गिरणी यात किलोच्या वाट्याला एक तास. मळायला वीस मिनिटं, तळायला ऐंशी, गार करून भरायला आणि ओटा आवरायला पन्नास. वहिनींचे साडेतीन तास झाले. सोऱ्यावर काकू, म्हणजे वहिनींच्या सासूबाई, बसल्या होत्या, त्यांची ऐंशी मिनिटं. दोघींचे मिळून चार तास पन्नास मिनिटं. ३८० रुपये किलोने १,४३० ग्रॅमचे आले ५४३ रुपये. खर्च वजा जाता उरले २९१. तासाला साठ रुपये. त्याच इमारतीत पोळ्यांना येणाऱ्या बाई तासाला शंभर घेतात, आणि त्या ते योग्यच घेतात. तो दर रकान्यात भरला, आणि चकली पडली ५१५ रुपये किलोला.

वहिनी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "म्हणजे नऊ वर्षं मी लोकांना वर पैसे देऊन चकली खायला घातली."

हा रकाना रिकामा सोडण्याची सवय एकट्या वहिनींची नाही. शाळेतल्या पोषण आहाराचं उदाहरण घ्या. प्राथमिकच्या मुलामागे १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी, ५ ग्रॅम तेल हे तिथे ठरलेलं आहे. देशातली सर्वांत मोठी पाककृती-मांडणी म्हणावी अशी ही व्यवस्था. धान्य सोडून बाकी साहित्य आणि इंधनाचा दर वेळोवेळी वाढतो. डिसेंबर २०२४पासून तो ६ रुपये १९ पैसे होता, मे २०२५पासून ६ रुपये ७८ पैसे झाला. साहित्य महागलं हे सरकारला दिसतं, आणि ते पैशापैशाने मोजलं जातं. शिजवणाऱ्या बाईचं मानधन मात्र केंद्राच्या निकषात २००९पासून महिना १,००० रुपयेच आहे, तेही वर्षातले दहा महिने. राज्यं आपली भर घालतात, महाराष्ट्रही घालतो. पण मूळ आकडा हललेला नाही. त्याला मजुरी न म्हणता 'मानधन' म्हणतात. ज्याला मजुरी म्हटलं नाही, त्याचा दर कोण वाढवणार?

उलट उदाहरणही आपल्याच मुंबईतलं आहे. १५ मार्च १९५९ला गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, तीच पुढे 'लिज्जत' झाली. तिथे पीठ तोलून घरी न्यायचं, पापड तोलून परत द्यायचे आणि किलोमागे लाटण्याचे पैसे घ्यायचे अशी रीत पडली. त्या पैशांना तिथे नाव आहे, 'वणई'. उडीद, हिंग, पापडखार यांच्याच ओळीत बाईचे हात मांडलेले. मला ही संस्था मोठी वाटते ती तिच्या उलाढालीपेक्षा या एका शब्दासाठी.

चार किलोंचा घाणा घेतला तर काय होतं, ते आम्ही सहाव्या दिवशी पाहिलं. मोठी कढई शेजारून आणली, एका वेळी दहा चकल्या. दोघींचे मिळून बारा तास लागले, एकोणीस नव्हेत. साहित्याचा आकडा तोच धरला तर मजुरीसकट चकली किलोला ३८६ रुपयांना पडली. ३८०ला विकून तोटा उरलाच, पण आता तो सहा रुपयांचा होता, आणि कुठे हात घालायचा ते दिसत होतं. सुट्या अर्ध्या-अर्ध्या किलोच्या मागण्या एका दिवसावर आणायच्या, भजणी आठ किलोची एकदम करायची, आणि भाव ४४० सांगायचा. वहिनींनी तसा निरोप सगळ्यांना पाठवला. तीन जणींनी "परवडत नाही" म्हणून सांगितलं. बाकीच्यांनी नेहमीसारखं किती हवं ते लिहून पाठवलं.

त्या रात्री मी आकडे नीट लावत बसलो होतो. काकू सोऱ्या धुऊन पुसत होत्या. त्यांनी विचारलं, "अरे, त्यात माझा तास कितीने धरलास?"

"वहिनींइतकाच, काकू. शंभर."

त्यांनी सोऱ्याची चकती उजेडात धरून पाहिली, एका भोकात पीठ अडकलं होतं ते काडीने काढलं. "मग उद्या करंजीचंही लाव," त्या म्हणाल्या. "मुरड घालायला चकलीहून जास्त वेळ लागतो. तो कधी कुणी मोजला नाही."

वहिनींनी ओट्यावरची रिकामी परात काट्यावर ठेवली आणि बटण दाबून आकडा शून्यावर आणला.