गार्ड बसवला, पण कमानपाट्याचं काय?

हैदराबाद रोडला चहा प्यायला जाता ना? मग पुढे भला मोठा लोखंडी गार्ड ठोकलेले ट्रक बघितले असतीलच. आपल्या विंगमधल्या एका मित्राच्या घरी यावरूनच वाद चालू आहे. काकांना उसाच्या सीझनआधी गार्ड लावायचाय, आणि घरचे सगळे हप्ते त्या एकाच ट्रकवर! काकांना हसू नका बरं. ट्रकला बॉनेट नसतं, ड्रायव्हरचे पाय आणि समोरची गाडी यांच्यामध्ये नुसता पत्रा.

आता गणित बघा. समजा गार्ड १०० किलोचा, पुढच्या ॲक्सलच्या १ मीटर पुढे, आणि व्हीलबेस ४ मीटर. मागच्या ॲक्सलभोवती मोमेंट घ्या (फर्स्ट इयरचं मेकॅनिक्स, घाबरू नका). १०० गुणिले ५ भागिले ४, म्हणजे पुढे १२५ किलो वाढले! जास्तीचे २५ मागच्या ॲक्सलवरून आले. रिकाम्या ट्रकची मागची चाकं ब्रेक मारताना आधीच हलकी होतात, त्यात ही भर. शिवाय नाक खाली गेलं की कॅस्टर कमी होतो, स्टिअरिंग आपोआप सरळ यायला कुरकुर करतं आणि हेडलाईट जवळच पडतो.

यावर गॅरेजवाले दोन उपाय सांगतात. एक, जुने पाटे ठोकून कमान वाढवायची. यात उंची मिळते, पण कडकपणा होता तेवढाच राहतो. दुसरा, पाटा वाढवायचा. त्याच मापाच्या ७ चे ८ केले तर कडकपणा साधारण १४ टक्के वाढतो. "जाडच टाक की बे" म्हणणारे भेटतात, पण ८ मिमीऐवजी १० मिमीचा एक पाटा जवळपास दुप्पट कडक असतो, कारण जाडीचा घन येतो. तेवढ्याच वाकण्यात त्याच्यावर ताणही जास्त, म्हणून आधी तोच तुटतो. पाटा दोन्ही बाजूंना सारखाच हवा, यू-बोल्ट नवीन आणि लांब हवेत.

शॉकॲब्जॉर्बर मात्र सगळे विसरतात. वजन वाढलं, स्प्रिंग कडक झाली आणि शॉक जुनाच, तर डॅम्पिंग रेशो घसरतो. खड्डा मागे पडला तरी ट्रक डुलतच राहतो.

आणि पाटा वाढवला म्हणून ॲक्सल, बेअरिंग, टायर थोडेच मोठे होतात? दोन टायरच्या पुढच्या ॲक्सलची कायदेशीर मर्यादा २०१८ पासून ७ टन आहे, त्यात गार्डही मोजला जातो.

माझं मत विचाराल तर गार्ड नकोच. धडकेचा जोर तो थेट चासीत पाठवतो, आणि पायी चालणाऱ्याला तर काही वावच ठेवत नाही. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राने राज्यांना अशा गार्डवर कारवाई करायला सांगितलं, ते मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ च्या आधारे.

तरीही काका ऐकत नसतील तर त्यांना आधी वजनकाट्यावर न्या. नुसती पुढची चाकं चढवून वजन घ्या, चाकाच्या मध्यापासून मडगार्डपर्यंतची उंची टेपने मोजा. गार्ड लावल्यावर पुन्हा तेच. पाट्याची ऑर्डर त्या आकड्यांवरून द्या, गॅरेजवाल्याच्या अंदाजावर नको.