सरगमचा हट्ट

बीएस्सी, एलएलबी, संगीत अलंकार, पीएचडी. क्लासच्या पाटीवर एवढ्या पदव्या रंगवल्या तर आमच्या लालबाग-परळमध्ये लोक आधी फी किती असेल त्याचा अंदाज बांधतील. गायिका डॉ. प्रभा अत्रे यांनी हे सगळं मिळवलं होतं, आणि तरी पेटीवाले, तबलजी, तिकीट काढून येणारे सगळे त्यांना नुसतं प्रभाताई म्हणत.

मी परळला गाण्याचा क्लास चालवते. संध्याकाळी बॅचेस, गणपतीच्या दिवसांत मंडळांसाठी चाली लावायच्या, मधूनच एखादी मैफल. गाणाऱ्याने चार कामं एकदम करणं मला पोटापाण्याच्या बाजूने चांगलं ठाऊक आहे. एकाच्या पैशात भागत नाही म्हणून दुसरं धरायचं, एवढंच त्यामागचं तत्त्वज्ञान. प्रभाताईंचं मात्र तसं नव्हतं. शिकवणं, संशोधन, बंदिशी बांधणं आणि मैफल गाजवणं ही चारही कामं त्या करत, आणि एका कामात पडलेला प्रश्न दुसऱ्यात नेऊन सोडवत.

जन्म पुण्याचा, १३ सप्टेंबर १९३२. आईची प्रकृती बरी नसायची, गाण्याने बरं वाटेल असं कुणीतरी सुचवलं म्हणून घरात शिकवणी लागली. आईचं गाणं थोडक्यात आटोपलं, ऐकत बसलेली आठ वर्षांची मुलगी मात्र त्यात अडकली. पुढे किराणा घराण्याचे सुरेशबाबू माने आणि हिराबाई बडोदेकर हे गुरू लाभले. फर्ग्युसनमधून विज्ञानाची पदवी, मग कायद्याची. संगीत नाटकांत कामं केली, आकाशवाणीत सहायक निर्माती म्हणून नोकरी केली. १९७९ ते १९९२ या काळात मुंबईच्या एसएनडीटी महिला विद्यापीठात त्या संगीत विभागप्रमुख होत्या.

गाणं आणि अभ्यास एकत्र सांभाळणाऱ्या अशा माणसांची मुंबईला सवय आहे. वाळकेश्वरला जन्मलेले भातखंडे पेशाने वकील. त्यांनी रागांची थाटांत मांडणी केली, ‘चतुर’ या नावाने लक्षणगीतं रचली, पण मैफली गवय्या होणं त्यांच्या मनात नव्हतं. प्रा. बी. आर. देवधरांनी १९२५मध्ये गिरगावात, ऑपेरा हाउसच्या बाजूला संगीतशाळा काढली. पाश्चात्त्य संगीत शिकले, आवाजाच्या शास्त्राचा ध्यास घेतला, कुमार गंधर्वांसारखा शिष्य घडवला. त्यांची स्वतःची गायकी मात्र लोकांच्या फारशी लक्षात राहिली नाही. विद्वत्ता वाढली की गाणं मागे पडतं, असं आपल्याकडे सर्रास मानतात. प्रभाताईंनी ते खोटं पाडलं, असं माझं मत आहे.

त्यांच्या पीएचडीचा विषय होता सरगम. क्लासला येणाऱ्या पालकांना सरगम म्हणजे गाण्याआधीचा कंटाळवाणा भाग वाटतो. आश्चर्य म्हणजे जुन्या जाणकारांचाही तिच्यावर असाच राग होता. स्वरांची नावं घेणं हे विद्यार्थ्याचं काम, मैफलीत ती कशाला? किराणा घराण्यात अब्दुल करीम खाँसाहेबांनी ती मैफलीत आणली होती, अमीर खाँसाहेबांनी तिला वेगळं वजन दिलं होतं. प्रभाताईंवर अमीर खाँच्या ख्यालाचा आणि बडे गुलाम अली खाँच्या ठुमरीचा प्रभाव होता, तो त्यांनी कधी लपवला नाही. पण आवडलं म्हणून गायचं, एवढ्यावर त्या थांबल्या नाहीत. सरगमने गाण्यात नेमकं काय होतं, याचा त्यांनी अभ्यासच मांडला.

काय होतं, ते गाऊन पाहावं. आकारात तान घेतली की स्वर एकमेकांत मिसळून वाहतात. तेच स्वर नावाने घ्या. ‘सा’ला जीभ दाताशी, ‘ग’ घशातून, ‘म’ आणि ‘प’ला ओठ मिटतात, ‘रे’ आणि ‘नि’मध्ये अक्षरातला स्वरच पालटतो. प्रत्येक सुराला सुरुवातीची एक धार येते, तिच्यातून लय आपोआप उमटते. कलावतीत रे आणि म वर्ज्य, म्हणजे अख्ख्या रागात ओठ मिटतात ते फक्त पंचमावर. सरगम चालू असताना दर पंचमाला बारीकशी थाप पडल्यासारखी होते. प्रभाताईंची मारुबिहाग आणि कलावतीची ती गाजलेली एलपी हातात वही घेऊन ऐका. सरगम तिथे नक्षी म्हणून येत नाही, बढत करते.

मारुबिहागमधली त्यांची छोट्या ख्यालाची बंदिश आता इतक्यांच्या गळ्यात आहे, की माझ्या विद्यार्थिनींना ती जुनी, पारंपरिकच वाटते. रचनाकाराला याहून मोठी पावती कुठली? अपूर्व कल्याण, मधुरकंस असे रागही त्यांनी निर्माण केले. बंदिशींचे शब्द त्या स्वतः लिहीत. मला यात शिक्षकाची नजर दिसते. पंचवीस मुलींना एकच चीज शिकवली की कुठलं अक्षर समेवर येताना अडतं ते पक्कं कळतं. ‘स्वरमयी’सारखी पुस्तकं, ऐकणाऱ्यांसाठी इंग्रजीत लिहिलेलं लेखन, सप्रयोग व्याख्यानं, सगळ्यांत हाच समजावून सांगण्याचा पिंड. पद्मश्री, पद्मभूषण आणि २०२२मध्ये पद्मविभूषण, असे तीनही पद्म किताब मिळाले. १३ जानेवारी २०२४ला पुण्यात त्यांचं निधन झालं, तोवर त्या गात होत्या.

टीव्हीवरच्या स्पर्धांनी आज सरगमला भलतेच दिवस आणले आहेत. गाणं मध्येच थांबवून मुलं दुप्पट, चौपट सरगम फेकतात, परीक्षक उभे राहतात. प्रभाताईंचा आग्रह याच्यासाठी नव्हता. माझ्या बॅचमधल्या मुलांनाही तेच हवं असतं. मी त्यांना विलंबित लयीत, एका स्वरावर श्वासभर थांबून सरगम म्हणायला लावते. तोंडं वाकडी करतात, दोघातिघांनी तर समोरच्या गल्लीतल्या क्लासात नाव घातलं.