प्रत्यारोपित वृक्क आणि मूत्रातील पूर्वसूचना

वृक्कप्रत्यारोपण झालेला रुग्ण आपल्या चिकित्सालयात येतो तो बहुधा सर्दी, अग्निमांद्य किंवा अशक्ततेसाठी. ‘क्रिएटिनिन उत्तम आहे’ असे तो सांगतो आणि आपणही निश्चिंत होतो. आमच्या मते ही निश्चिंतता अस्थानी आहे.

रक्तातील क्रिएटिनिन वाढते तेव्हा वृक्काची हानी बरीच पुढे गेलेली असते. परकीय अवयवाविरुद्ध उठलेल्या लसिकापेशी प्रथम वृक्काच्या सूक्ष्म नलिकांत शिरतात आणि त्यांच्या खुणा मूत्रात उतरतात. सन २०१३ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ४८५ रुग्णांचे ४३०० मूत्रनमुने तपासले गेले. मूत्रपेशींतील तीन आर.एन.ए. घटकांच्या एकत्रित मापनात, बायॉप्सीने रिजेक्शन सिद्ध होण्यापूर्वीचे काही आठवडे स्पष्ट वाढ आढळली. लसिकापेशींना पाचारण करणारी सीएक्ससीएल-९ व सीएक्ससीएल-१० ही प्रथिनेही याच हेतूने मोजली जातात.

मात्र बीके विषाणूची बाधा किंवा मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग असतानाही ही प्रथिने वाढतात. येथेच खरी अडचण आहे. रिजेक्शनमध्ये प्रतिकारशक्ती अधिक दाबावी लागते, तर बीके बाधेत तो दाब कमी करावा लागतो. खूण एक, चिकित्सा परस्परविरुद्ध! त्यामुळे बायॉप्सी टळत नाही. स्वित्झर्लंडमधील बासल येथे २४१ रुग्णांवर झालेल्या व २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सीएक्ससीएल-१० च्या नियमित मापनाने वर्षअखेरचे निष्कर्ष सुधारले नाहीत. ही प्रथिने अल्प असतील तर रिजेक्शनची शक्यता कमी, एवढा आधार त्यांतून मिळतो. (योगरत्नाकरातील तैलबिंदु परीक्षेशी याची तुलना करण्याचा मोह वैद्यबांधवांनी आवरावा.)

आपला संबंध येतो तो औषधयोजनेत. टॅक्रोलिमस व सायक्लोस्पोरिन यांचे पचन ज्या विकरांकडून होते, त्यांना पिप्पली-मरिचातील पिपेरीन अडवते असे प्रयोगशाळेत दिसले आहे. त्रिकटुयुक्त कल्पाने रक्तातील औषधमात्रा बदलण्याचा धोका संभवतो. गुडूची, अश्वगंधा आदी रसायने तर हेतुतः दाबलेल्या प्रतिकारशक्तीलाच चेतवू शकतात. अशा वेळी वृक्कात सुरू झालेला बिघाड क्रिएटिनिन आपणांस वेळेवर सांगणार नाही.

सबब अशा रुग्णास त्याच्या वृक्करोगतज्ज्ञाच्या संमतीविना कोणताही कल्प देऊ नये. मूत्रातील अल्ब्युमिनची साधी तपासणी तालुक्याच्या प्रयोगशाळेतही होते. ते नव्याने दिसल्यास रुग्णास त्याच आठवड्यात तज्ज्ञाकडे पाठवावे. औषधालय चालकांनी गुडूचीचा काढा हाती देण्यापूर्वी ‘प्रत्यारोपण झाले आहे काय?’ असे विचारावे.