पारसिकच्या उतारावरून बॉम्बे हायकडे

फेब्रुवारी १९७४. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर, भर अरबी समुद्रात ‘सागर सम्राट’ हे विंधनयंत्र आपले पोलादी पाय तळावर रोवून उभे होते. खाली साधारण ७५ मीटर पाणी, त्याखाली कोणीही न पाहिलेला खडक, आणि त्या खडकात हळूहळू उतरत चाललेला ड्रिल. काही महिन्यांपूर्वीच अरब-इस्रायल युद्ध पेटले होते आणि तीन डॉलरचे पिंप बारा डॉलरच्या घरात गेले होते. परदेशी तेलावर चालणाऱ्या देशाला ही विहीर कोरडी निघणे परवडणारे नव्हते.

ही जागा सापडून तेव्हा नऊएक वर्षे झाली होती. १९६४ पासून ‘अकादेमिक अर्खांगेल्स्की’ या सोव्हिएत जहाजावर रशियन आणि भारतीय भूभौतिकतज्ज्ञ खंबातच्या आखातापासून मुंबईपर्यंतचा तळ तपासत होते. पाण्यात हादरा द्यायचा, खालच्या प्रत्येक थरावरून परतणारा प्रतिध्वनी टिपायचा, त्यावरून थरांचा नकाशा काढायचा, असे ते काम. त्या नकाशात एके ठिकाणी थर घुमटासारखे वर उचललेले दिसले. याच उंचवट्याला बॉम्बे हाय हे नाव पडले. पण एवढ्या पाण्यात विंधन करणारे यंत्र देशात नव्हते. ते, म्हणजे ‘सागर सम्राट’, १९७३ मध्ये जपानहून आले.

घुमट दिसला म्हणजे तेल असतेच असे नाही. तेल जिरवून ठेवणारा सच्छिद्र खडक हवा आणि वर ते अडवणारे झाकण हवे. ते दोन्ही तिथे का असावे, हे कळायला किनाऱ्यावर, ठाण्याकडे यावे लागते.

कळवा-मुंब्र्यादरम्यान लोकलमधून पारसिकच्या डोंगराकडे पाहा. काळ्या कातळाचे थर पश्चिमेकडे, समुद्राच्या दिशेने कललेले आहेत. तिकडे पूर्वेला माथेरानचे थर मात्र जवळजवळ आडवे. एकाच लाव्ह्याचे हे थर, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे, मग इकडे कलले कसे? भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे जॉन ऑडेन (कवी डब्ल्यू. एच. ऑडेन यांचे हे थोरले बंधू) यांनी १९४९ मध्ये या वाकाला पनवेल फ्लेक्शर असे नाव दिले. पुढे गोवा विद्यापीठाचे ए. जी. देसाई, आयआयटी मुंबईचे हेतु शेठ आदी संशोधकांनी त्यामागचे प्रस्तरभंग उलगडले. लाव्हा साधारण सपाट पसरला होता. मग कवच ताणले गेले, फाटले. आजचे सेशेल्स भारतापासून वेगळे झाले आणि फाटलेली पश्चिम कड तुकड्यातुकड्यांनी खचली. पारसिकचा उतार ही त्या खचण्याची आपल्या दारातली खूण आहे, आणि मला तो कोणत्याही लेण्याइतका मोलाचा वाटतो.

कड खचली म्हणून पश्चिमेला खोलगट जागा तयार झाली आणि तिथे गाळ साचू लागला. बॉम्बे हाय मात्र सभोवतालच्या तळापेक्षा उंच राहिला. तिथे नद्यांचा गढूळपणा कमी पोचे. उथळ, उबदार, नितळ पाण्यात शंखशिंपल्यांची आणि सूक्ष्म जीवांच्या कवचांची चुनखडी थरावर थर चढत गेली. तळ हळूहळू खचत होता, म्हणून नव्या थरांना जागा मिळत राहिली.

इथे दुसरा हात आला, समुद्राच्या पातळीचा. पाणी उतरले की चुनखडी उघडी पडे. पावसाचे गोडे पाणी ती विरघळवी आणि आंबोळीला पडावी तशी जाळी तिला पडे. पाणी पुन्हा चढले की चिखलाचा पातळ थर वर बसे, मग परत चुनखडी. मायोसीन काळात, दोनेक कोटी वर्षांपूर्वी, हे अनेकदा घडले. पुढे चिखलाचे जाड थर वर आले आणि पक्के झाकण बसले. शेजारच्या खोलगट भागातल्या गाळात गाडल्या गेलेल्या सेंद्रिय द्रव्याचे उष्णतेने तेल झाले. ते वर सरकत जाळीत शिरले आणि झाकणाखाली अडकले.

१९ फेब्रुवारी १९७४ रोजी ‘सागर सम्राट’च्या विहिरीत तेल लागले, तेही चुनखडीतच. २१ मे १९७६ ला प्रत्यक्ष उत्पादन सुरू झाले. देशातला सर्वांत मोठा तेलसाठा हाती आला होता.

मला सर्वांत थरारक वाटते ती गोष्ट यानंतरची आहे. जमीन खचली की पाणी चढले, हे थरांवरून ओळखायचे कसे, याची सुसंगत मांडणी अमेरिकेत पीटर वेल आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केली ती १९७७ मध्ये, म्हणजे तेल लागल्यावर तीन वर्षांनी. त्यामागचा तर्क असा: खचणे त्या त्या जागेचे असते, पण समुद्राची पातळी जगभर एकदमच बदलते. म्हणून दूरदूरच्या किनाऱ्यांवर एकाच काळी थरांत खंड पडलेला दिसला, तर तो पाण्याचा खेळ समजावा. ही मांडणी पुढे वादात सापडली, सुधारली गेली, पण थर वाचण्याची रीत तिने कायमची बदलली. ‘सागर सम्राट’वरच्या माणसांना यातले काही हाताशी नव्हते. प्रतिध्वनींचा नकाशा आणि खालून वर येणारे खडकाचे तुकडे, एवढ्यावर त्यांनी काम केले.

पाण्याचा हा खेळ फक्त जुन्या काळापुरता नाही. सुमारे २० हजार वर्षांपूर्वी, हिमयुगाच्या ऐन भरात, समुद्र आजच्यापेक्षा १२० मीटरच्या आसपास खाली होता. म्हणजे बॉम्बे हाय आज ज्या समुद्रबूड जमिनीवर आहे, ती तेव्हा कोरडी होती.

पारसिकचा डोंगर मात्र खाणी आणि बांधकामांनी झपाट्याने पोखरला जातो आहे. कललेले थर स्वच्छ दिसतात अशी त्याची एक तरी कड ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीकरांनी राखून ठेवावी, तिथे माहितीचा फलक लावावा आणि शाळांनी मुलांना तिथे न्यावे.