डॉक्टर आपला, पण किती आपला?

आंबेनळी घाटाच्या वाड्यांत कुणाला विंचू चावला की त्याला खाली पोलादपूरला, नाहीतर महाडला आणायचे. लाल विंचवाचे विष थेट हृदयावर जाते. अंग घामाने निथळते, हातपाय गार पडतात, फुप्फुसात पाणी साचते. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली महाड तालुक्यातील बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात आले. अशा रोग्यांच्या उशाशी ते रात्ररात्र बसले, आणि रक्तदाबावरचे प्राझोसिन हे औषध या विषावर गुणकारी आहे हे त्यांनी दाखवून दिले.

असा डॉक्टर घरच्यांना देव वाटला तर नवल नाही. मग आपण नव्या तांदळाची पायली, गावठी कोंबडा घेऊन त्याच्या दारात जातो. त्यात वावगे काय? काहीच नाही. पण त्या कोंबड्याच्या जोरावर पुढच्या खेपेला रांग मोडायची, खोटे सर्टिफिकेट मागायचे, म्हणजे मग ती भेट उरत नाही. उलट बाजूही आहेच. डॉक्टरने रोग्याकडे उसने पैसे मागितले किंवा त्याच्या जमिनीवर डोळा ठेवला, तर तो बिचारा नाही कसे म्हणणार? उद्या त्याच्याच हाताखाली झोपायचे असते! बाईमाणसाला तपासताना नर्स किंवा घरची बाई जवळ असावी. नसेल तर तसे मागायला संकोच करू नये.

पैशाचा मोह तर फार आडवाटेने येतो. २०१३ साली याच डॉ. बावस्करांना पुण्याच्या एका तपासणी केंद्राकडून १२०० रुपयांचा चेक आला. कशाबद्दल? रोगी पाठवल्याबद्दल! असले पैसे शेवटी रोग्याच्याच बिलातून निघतात. डॉक्टरांनी महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे तक्रार केली. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनी असे कमिशन निषिद्ध ठरवले आहे, आणि रोग्याचे गुपित फोडणेही.

या गुपितावरून आठवले. माझा एक विद्यार्थी सारखा गैरहजर राही. त्याचे डॉक्टर माझे स्नेही, म्हणून मी सरळ त्यांनाच विचारले. त्यांनी चहा पाजला, पावसापाण्याच्या गोष्टी केल्या आणि म्हणाले, "सर, ते त्यालाच विचारा." राग आला हो मला! महिन्याभराने तो मुलगा आपण होऊन माझ्या खोलीत आला. दारातच उभा राहून म्हणाला, "डॉक्टरांनी तुम्हाला काही सांगितलं नाही ना, सर?"

मी नाही म्हणालो, तेव्हा कुठे तो आत येऊन बसला.