सिस्टरांना विचारा, 'हे औषध कुणाचं?'



आम्ही सरकारी दवाखान्यात काम करणाऱ्या परिचारिका. राहतो तुमच्यासारख्याच वस्तीत. कुणी अ‍ॅडमिट झालं की शेजारपाजारचे आम्हाला विचारतात, "ताई, तिथं कुणी ओळखीचं आहे का?" ओळख नसली तरी चालेल, पण एक गोष्ट प्रत्येक घराला यायला हवी. ती म्हणजे औषध घेण्याआधी विचारणं.

एका रात्रपाळीची गोष्ट. वॉर्डात शेजारशेजारच्या खाटांवर दोन कांबळेबाई होत्या. एकीला साखरेचा आजार, दुसरीचं पोटाचं ऑपरेशन झालेलं. आमच्यातली एक सिस्टर इन्सुलिन भरून आली आणि घाईत विचारलं, "कांबळे कोण?" ऑपरेशनवाल्या बाई गुंगीत "मी" म्हणाल्या. पायाशी बसलेली त्यांची सून घाबरत घाबरत बोलली, "सिस्टर, आमच्या सासूबाईंना साखर नाही हो." सुई तिथंच थांबली.

साखरेचा आजार नसलेल्या माणसाला इन्सुलिन गेलं तर रक्तातली साखर एकदम उतरते. घाम सुटतो, हातपाय थरथरतात, माणूस बेशुद्ध होतो, जीवही जाऊ शकतो. त्या रात्री सून गप्प बसली असती तर?

ती सिस्टर निष्काळजी नव्हती. तीस-चाळीस रुग्ण, हाताखाली कुणी नाही, एकीकडे सलाईन संपलेलं, दुसरीकडे नवीन रुग्ण आलेला. अशा वेळी चांगल्या माणसाच्या हातूनही चूक होते. हे जगभर घडतं. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली औषधांच्या चुका कमी करण्याची मोहीम सुरू केली. २०२२ च्या १७ सप्टेंबरला, रुग्ण सुरक्षा दिनी, याच विषयावर भर दिला होता.

नर्सिंगच्या शिक्षणात आम्हाला पाच गोष्टी पाठ करून घेतात. त्या तुम्हीही लक्षात ठेवा.

१. योग्य रुग्ण : खाटेचा नंबर म्हणजे माणूस नव्हे, खाट बदलते. आपल्यात कांबळे, गायकवाड, वाघमारे ही आडनावं एकाच वॉर्डात चार-चार निघतात. "तुम्हीच का कांबळे?" असं विचारलं तर आजारी माणूस कशालाही हो म्हणतो. म्हणून रुग्णाकडून पूर्ण नाव वदवून घ्यायचं आणि केसपेपरशी ताडून पाहायचं.

२. योग्य औषध : नावं सारखी असतात, बाटल्याही सारख्या दिसतात. म्हणून लेबल तीनदा वाचायचं. औषध काढताना, भरताना आणि देताना.

३. योग्य मात्रा : एका शून्याने घात होतो. इन्सुलिनच्या आकड्यापुढे युनिटसाठी घाईत काढलेलं 'यू' हे इंग्रजी अक्षर शून्यासारखं दिसतं आणि १० चे १०० वाचले जातात. म्हणून 'युनिट' हा शब्द पूर्ण लिहायचा.

४. योग्य मार्ग : गोळी, स्नायूतलं इंजेक्शन आणि शिरेतलं इंजेक्शन यात फरक आहे. पोटॅशियम क्लोराइड सलाईनमध्ये मिसळून सावकाश द्यायचं असतं. तेच थेट शिरेत गेलं तर हृदय बंद पडू शकतं.

५. योग्य वेळ : पाळी बदलताना नोंद राहिली, तर एकच डोस दोनदा जातो किंवा जातच नाही. म्हणून औषध दिलं की लगेच लिहायचं.

हीच काळजी घरीही लागते. वस्तीत अनेक घरांत इन्सुलिनची बाटली आहे. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुतेक वेळा एका मिलीमध्ये ४० युनिटचं असतं. त्याची सिरिंज वेगळी, लाल टोपीची. नारिंगी टोपीची सिरिंज १०० युनिटच्या इन्सुलिनसाठी असते. ४० च्या बाटलीतलं औषध नारिंगी सिरिंजने २० च्या रेघेपर्यंत भरलं, तर पोटात जातात फक्त ८ युनिट. साखर वाढतच राहते. उलट १०० चं इन्सुलिन लाल सिरिंजने २० पर्यंत भरलं तर ५० युनिट जातात. हे जिवावर बेतणारं आहे. म्हणून बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा एकच आहे का, ते दर वेळी पाहा. टोपीच्या रंगावर विसंबू नका.

इन्सुलिननंतर घाम, थरथर, चक्कर आली तर माणूस शुद्धीवर असताना तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच पाजा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका, थेट दवाखाना गाठा.

दवाखान्यात जाताना एवढं करा. घरात चालू असलेल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या, वैदूचं औषध असलं तरी लपवू नका. कुठल्या औषधाने अंगावर पुरळ उठलं होतं, दम लागला होता, ते केसपेपरवर लिहून घ्या. सुट्टी मिळताना प्रत्येक गोळी कशासाठी, किती वेळा, किती दिवस, ते विचारा. वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या पोराला सोबत घ्या. आणि सिस्टर औषध भरत असताना तिला मधेच हाक मारू नका. लक्ष विचलित झालं की चूक होते.

अनेकांना वाटतं, गरिबाने विचारलं तर सिस्टर चिडतील, हाकलून देतील. काही जणी चिडतातही, ते आम्ही नाकारत नाही. तरीही विचारा. शांतपणे म्हणा, "सिस्टर, हे कुणाचं, कशाचं औषध?" हा तुमचा हक्क आहे.

एक मागणं आमचंही आहे. चूक झाल्याचं सिस्टरने स्वतःहून सांगितलं तर मारायला धावू नका. जाब जरूर विचारा, लेखी तक्रारही करा. पण मारहाणीच्या भीतीने चूक लपली, तर उपचाराला उशीर होतो आणि नुकसान रुग्णाचं होतं. त्या रात्रीची गोष्ट आमच्या सिस्टरने सकाळी पाळी बदलताना सगळ्यांसमोर सांगितली. तेव्हापासून एकाच आडनावाच्या रुग्णांच्या केसपेपरवर आम्ही लाल पेनाने खूण करतो आणि दोघींच्या खाटा लांब ठेवतो.

त्या सुनेला आम्ही दुसऱ्या दिवशी चहा पाजला. ती म्हणाली, "मी बोलू की नको, असं झालं होतं."

बोलावं, बायांनो.

जयभीम.