बुजुर्गांचे कागद आजच पाहा

आधारकार्ड काढायला आमच्या थोरल्या खालांना केंद्रावर आम्हीच घेऊन गेलो होतो. जन्मतारीख विचारली, तेव्हा खाला म्हणाल्या, "मला काय ठाऊक, बेटा? लिही काहीतरी." आम्ही अंदाजाने साल सांगितलं आणि घरी आलो. शाळेत मुलांच्या दाखल्यावरची एकेक तारीख तपासणारे आम्ही, आपल्याच खालांच्या बाबतीत इतके बेफिकीर!

गेल्या हिवाळ्यात त्यांच्या छातीत कळ आली. हृदयाची रक्तवाहिनी तुंबली होती, स्टेंट टाकावा लागणार होता. सत्तरीपुढच्यांना ५ लाखांपर्यंत मोफत उपचार मिळतात हे माहीत असल्याने आम्ही निर्धास्त होतो. पण घरच्या हिशेबाने ७४ वर्षांच्या खाला आधारवर ६८ च्या निघाल्या. खालांनी मुकाट्याने हातातल्या बांगड्या उतरवून आमच्यापुढे धरल्या. तेवढ्यात आरोग्यमित्राने विचारलं, "रेशनकार्डावर नाव आहे का?" होतं. त्यावर काम झालं, अल्हम्दुलिल्लाह. पण त्या बांगड्या आठवल्या की आजही आमची मान खाली जाते.

म्हणून या दोन्ही योजना नीट समजून घेऊ.

आयुष्मान वय वंदना कार्ड : केंद्र सरकारची ही सोय २९ ऑक्टोबर २०२४ पासून सुरू आहे. वय ७० किंवा जास्त हवं आणि ते आधारवरूनच धरलं जातं. उत्पन्नाची अट नाही. वर्षाला ५ लाखांपर्यंतचा खर्च मिळतो. घरात मियाँ-बीवी दोघे सत्तरीपुढचे असतील तर दोघांत मिळून ५ लाख. मधुमेह, रक्तदाब आधीपासून असला तरी पहिल्या दिवसापासून लाभ मिळतो. खासगी विमा असला तरी कार्ड काढता येतं. केंद्रीय कर्मचाऱ्यांची किंवा माजी सैनिकांची आरोग्य योजना असेल, तर दोहोंपैकी एक निवडावी लागते.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना : ही आपल्या राज्याची. वयाची अट नाही. रेशनकार्ड पिवळं, केशरी, पांढरं कोणतंही चालतं. ठरवून दिलेल्या उपचारांसाठी कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत मदत मिळते.

दोन्ही योजना इस्पितळात भरती झाल्यावरच्या उपचारांसाठी आहेत. रोजच्या गोळ्यांचा खर्च त्यांत येत नाही. इस्पितळही योजनेच्या यादीतलंच हवं. आयुष्मानची चौकशी १४५५५ या नंबरवर करता येते.

आता घरचं काम. येत्या जुम्याला जेवणं झाली की अम्मी-अब्बांच्या कागदांची पिशवी काढा. आधारवर 'हनीफाबी' आणि रेशनकार्डावर 'हनिफा बेगम' असं तर नाही ना? रेशनकार्डातून नाव गळालं तर नाही? आधारला जोडलेला मोबाइल नंबर अजून चालू आहे का? राबून राबून झिजलेल्या बोटांचे ठसे मशीन घेत नाही, तेव्हा ओटीपी उपयोगी पडतो. आधारवरची जन्मतारीख सहसा एकदाच बदलून मिळते आणि तीही पुराव्यानिशी. म्हणून दाखला शोधूनच जा, पुन्हा अंदाज नको. वय वाढवून लिहायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका.

आईबापांची खिदमत म्हणजे पाय चेपणं, औषधं देणं एवढंच आपण समजतो. त्यांचे कागद दुरुस्त ठेवणं हीसुद्धा खिदमतच आहे. आमच्या हातून ती वेळेवर झाली नाही, तुमच्या हातून होवो.